हजेरीतलं शेवटचं नाव

संध्याकाळच्या हजेरीत माझं नाव कुत्र्यांच्याही नंतर येतं. आधी माजी सैनिक, मग मुलं, मग जनावरं आणि सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका दुपारीच आपापल्या घरी पळतात, म्हणून स्वयंपाकघर म्हणजे मी एकटी. हा क्रम माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं लावलेला आहे. पहिल्याच दिवशी मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, की अरे, एक लंगडी शेळी आणि एवढी भटकी कुत्री मोजून झाल्यावर तुला बहीण आठवते का? तो शांतपणे म्हणाला, "जो खायला घालतो, तो शेवटी जेवतो आन् शेवटी मोजला जातो. फौजेत असंच असतं." फौजेत खरंच असं असतं का, मला माहीत नाही. दादाला सोयीचं असेल ते सगळं फौजेत असायचं.

तरी मी रुसले नाही, कारण तो माझं नाव माहेरचं घ्यायचा. लग्नात सासऱ्यांच्या हौसेखातर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि माझं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळंच एका दुपारीत बदललं. ऑफिसात नवं, शेजारी नवं, नवरा तर नवंच घ्यायचा. आई-आबा गेले, वहिनी गेली, आणि जुनं नाव तोंडी असलेलं माणूस जगात एकच उरलं. दादा. तो आमच्या फाउंडेशनच्या गोडाऊनच्या दारात छाती काढून उभा राहायचा आणि ते तीन शब्द कडक आवाजात पुकारायचा, आणि साठी उलटलेली मी परकरातली पोर असल्यासारखी "हजर" म्हणायचे. मला ते फार आवडायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगून उपयोग नाही.

वहिनी गेल्यावर दादा साताऱ्याकडचं घर बंद करून कामोठ्यात माझ्याकडे राहायला आला. मीही एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगळूरला. म्हटलं, दोन म्हाताऱ्या जिवांचा वेळ जाईल. वेळ गेला, पण सोसायटीचा. दादा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. पहाटे उठून बूट चकचकीत करायचा आणि खाली जाऊन वॉचमनची परेड घ्यायचा. पार्किंगमधल्या गाड्या एका रेषेत नाहीत म्हणून त्यानं लोकांच्या दारांच्या बेल वाजवल्या. लिफ्टमध्ये मोबाईल बघणाऱ्या पोरांना ताठ उभं राहायला लावलं. शेवटी सेक्रेटरी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मॅडम, साहेबांना कुठेतरी गुंतवा ना. आम्हाला फार टेन्शन येतं."

गुंतवायला जागा मिळाली ती जासईच्या बाजूला, कंटेनरच्या यार्डांच्या मागे. तिथं एका गोडाऊनमध्ये एक फाउंडेशन चालतं. चालवणारी बाई मूळची तिथलीच, माझ्याहून लहान, पण तिला सगळे आत्या म्हणतात म्हणून मीही आत्याच म्हणते. तिच्या घरची भातशेती प्रकल्पात गेली आणि बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर हे गोडाऊन उभं राहिलं. तिचा भाऊ सैन्यात होता. परत आला तो अंगानं धडधाकट आला, पण माणसांशी बोलेनासा झाला. कुत्र्यांशी तेवढा बोलायचा. तो गेल्यावर कुत्री दारातून हलेनात, म्हणून आत्या त्यांना भात घालायला लागली. भाताच्या वासानं यार्डात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मजुरांची मुलं येऊन बसायला लागली. मुलांना अक्षरओळख कोण करून देणार, म्हणून भावाचे दोन जुने सोबती येऊ लागले. त्यांच्या मागून आणखी काही आले, कोणाला पेन्शनच्या कागदांची अडचण, कोणाला औषधांची, कोणाला नुसतीच घरच्यांची. ट्रस्ट, पाटी, शिक्का हे सगळं नंतर झालं. लोक हसायचे. म्हातारे, पोरं आणि कुत्री, असली खिचडी कोणी पाहिली होती? मीही हसले होते. मला कुत्री आवडत नव्हती. अजूनही सगळीच आवडतात असं नाही.

दादा मात्र पहिल्या दिवसापासून तिथलाच होऊन गेला. मी त्याला सोडायला म्हणून गेले, तर आत्यानं माझ्या हातात डाव दिला आणि कुत्र्यांच्या भाताचं पातेलं दाखवलं. तेव्हापासून मी तिथं आहे. दादानं आठवड्याच्या आत संध्याकाळची हजेरी सुरू केली. फौजेत तिला गिनती म्हणतात असं तो सांगायचा, पण मुलं शाळेतल्यासारखं हजेरी म्हणायला लागली आणि तेच टिकलं. मुलं घरी जाण्याआधी तो दारात उभा राहून शिट्टी फुंकायचा. फौजेतली जुनी पितळी शिट्टी. मग एकेकाचं नाव. कागद लागायचा नाही, सगळं तोंडपाठ. म्हातारे "हजर साहेब" म्हणायचे, मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, आणि कुत्र्यांना माझ्याकडून टोस्टचा तुकडा मिळायचा, म्हणून कुत्री शिट्टीबरोबरच धावत सुटायची. त्यांच्या बाबतीत हजर म्हणजे दादाच्या पायाशी येऊन बसणं.

मग ती आली. यार्डात एक कंटेनर उघडला, तर आत सामानाच्या मागे एक कुत्री निघाली. किती दिवस अडकली होती देव जाणे. हाडांचा सापळा, डोळे दोन्ही पांढरे झालेले. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरनं तिला गोणपाटात गुंडाळून आमच्या दारात आणून ठेवली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हटल्याचं आठवतं. ती टेबलाखाली शिरली ती बाहेरच येईना. हात लावला की दात दाखवायची. दादा तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला, दुपारभर बसला, आणि मधूनमधून शिट्टी अगदी हळू वाजवून टोस्टचा तुकडा पुढे सरकवत राहिला. संध्याकाळी ती नाकानं जमीन चाचपत बाहेर आली, त्याच्या डाव्या बुटाला हुंगलं, आणि त्या बुटावर बसली. ज्या बुटाला माझा पाय चुकून लागला तरी तो दिवसभर धुसफुसायचा, त्या बुटावर. दादा हललासुद्धा नाही.

त्यानंतर हजेरीत तिचं नाव जनावरांच्या शेवटी आलं. नाव पुकारलं की ती नाकाच्या अंदाजानं वाट काढत यायची आणि डाव्या बुटावर बसायची. तिला यायला वेळ लागायचा. दादा थांबायचा. बुटावर तिचं वजन पडलं, की खाली न बघता पुढचं नाव घ्यायचा. पुढचं नाव माझं.

दुसऱ्याच्या वतीनं हजर म्हणायची पद्धत तिच्यापासूनच सुरू झाली. पावसाळी हवेत तिचे मागचे पाय आखडायचे आणि खांबाशी टाकलेल्या गोणपाटावरून तिला उठवत नसे. अशाच एका संध्याकाळी दादा नाव पुकारून वाट बघत होता, तेव्हा रांगेतली एक मुलगी ओरडली, "हजर हाय आजोबा, झोपलीया." परभणीकडून आलेल्या मजुराची ही मुलगी, आठ-नऊ वर्षांची, चुणचुणीत, जीभ तिखट. त्या कुत्रीला वाटीतून पाणी पाजायचं काम तिनं स्वतःहून घेतलेलं. दादा हसला. "ठीक," म्हणाला आणि माझं नाव घेतलं. मग तसंच पडून गेलं. कुत्री आली तर बूट, नाही आली तर त्या मुलीचा आवाज.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्यातले नाईक गेले. एका पायाचे, कॅरममध्ये मुलांना हरवून वर त्यांचीच चिक्की खाणारे. दादाची आणि त्यांची गट्टी होती. दादानं त्यांना खांदा दिला, उरणच्या स्मशानात शेवटपर्यंत उभा राहिला. आणि काही दिवसांनी हजेरीत, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात त्यानं नाईकांचं नाव पुकारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादानं पुन्हा पुकारलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि त्या आठीमागे काहीतरी घाबरलेलं दिसलं. ते मी पाहिलं आणि त्या मुलीनंही पाहिलं. ती म्हणाली, "हजर, आजोबा." आठी गेली. दादानं पुढचं नाव घेतलं.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, असं ते म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. मी चिडले होते, डॉक्टरांवर, दादावर, गोळ्यांच्या पाकिटावर. सगळ्यांत जास्त त्या हजेरीवर, कारण आता तिथं नाईक रोज जिवंत होते. मग एक हवालदार गेले, तेही रोज हजर व्हायला लागले. एक मूल आई-बापाबरोबर गावी निघून गेलं, तेही हजर. कोण कोणासाठी ओ देईल याचा नेमच उरला नाही. मुलं न बघताच सवयीनं हजर म्हणायची. म्हातारेसुद्धा आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी बारीक आवाजात "हजर साहेब" म्हणायचे आणि मला वाटतं त्यांनाही ते बरं वाटत असावं. मला हे पटायचं नाही. खोटं ते खोटं. मी आत्याला म्हटलं, हे थांबवा. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, त्यांना बरा वाटतं ना, मंग वाटूंदे. कुनाचा काय जातंय?"

खरंच, कोणाचं काय जात होतं.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. कुत्रीचे पाय मोकळे झाले होते, दुपारी ती अंगणभर नाक टेकवत फिरत होती. पाण्याचा टँकर आला, तो आत घेताना फाटक उघडलं आणि तो जाईपर्यंत उघडंच राहिलं. संध्याकाळी दादानं शिट्टी वाजवली. त्या दिवशी जरा जास्तच वेळ वाजवली, कारण मुलं टँकरच्या सांडलेल्या पाण्यात खेळत होती आणि लवकर रांगेत येत नव्हती. मग नावं झाली. नाईक हजर, हवालदार हजर. जनावरांच्या शेवटी तिचं नाव आलं. दादा थांबला. ती मुलगी माझ्याजवळच उभी होती, ओल्या फ्रॉकचं पाणी पिळत. खांबाकडे पाठ करून. तिथूनच ओरडली, "हजर."

मग माझं नाव आलं. मी हजर म्हटलं.

तिच्या थाळीतला भात तसाच राहिला, तेव्हा आमच्या लक्षात आलं. गोणपाट रिकामं होतं. आत्या, मी, दोघे-तिघे म्हातारे, सगळे हाका मारत फिरलो. मागच्या खाजणापर्यंत गेलो, मिठागराच्या बांधावर बघितलं. आंधळी कुत्री मोठ्या रस्त्यापर्यंत जाईल असं कोणाच्या मनातही आलं नाही. अंधार पडायला लागला तसं सगळ्यांना परत फिरावं लागलं. दादा माझ्याबरोबर घरी आला आणि रस्त्यात त्यानं विचारलं, आपण काय शोधत होतो. मी सांगितलं. बसमधून उतरेपर्यंत तो पुन्हा विसरला होता.

सकाळी ती सापडली, मोठ्या रस्त्याच्या कडेला, जिथं ट्रेलर वळतात तिथं. समोरच्या टपरीवाल्यानं तिला बाजूला ओढून तिच्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. बरा माणूस. त्यानं सांगितलं ते मी आणि आत्या उभ्या राहून ऐकत होतो. "माज्या टपरीशी येऊन बसली होती. बिस्कुट दिला, खाल्ला. निवांत बसलेली. मंग तुमची शिटी वाजली. वाजली तशी उठली न् सरल रस्त्यावर. मी हाका मारल्या, पन तिला शिटीबिगर दुसरा काय ऐकूच येत नव्हता."

मला त्या क्षणी दिसत होतं ते एवढंच, की आम्ही सगळे रांगेत उभे आहोत, तिचं नाव पुकारलं गेलंय, आणि ती येतेय. आंधळी, आखडलेल्या पायांची, चार पदरी रस्ता ओलांडून ती हजेरीला येत होती. आणि इकडे आम्ही ती आलीय असं सांगून मोकळे झालो होतो.

आमच्या मागे कोणीतरी हुंदका दिला. वळून पाहिलं, तर ती मुलगी. ती कधी आमच्या मागून आली ते कळलंच नव्हतं. तिनं टपरीवाल्याचा शब्दन् शब्द ऐकला होता. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तुझी चूक नाही गं. आत्यानंही तिला पोटाशी धरून तेच सांगितलं, आमचा सगल्यांचा चुकला, बाय, तुजा एकलीचा नाय. मुलगी रडत होती आणि मान हलवत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मी बघितलं न्हाई. मी बघायला पायजे व्हतं." लहान मुलाच्या तोंडून असं वाक्य ऐकण्यापेक्षा वाईट माझ्या वाट्याला फार थोडं आलंय, आणि मी नवरा गमावलेली बाई आहे.

गोडाऊनमागच्या भेंडीच्या डेरेदार झाडाखाली तिला पुरलं. खड्ड्यात पहिली माती दादानं टाकली. टोपी नीट केली, सलाम ठोकला. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी त्याच्या आत पोचलं. शिट्टीचं मात्र मी त्याला सांगितलं नाही आणि आत्यानंही नाही. ते न सांगण्याबद्दल आम्हाला एकमेकींशी बोलावंसुद्धा लागलं नाही.

संध्याकाळी त्यानं शिट्टी वाजवली. नावं सुरू झाली. त्यानं नाईकांचं नाव घेतलं, आणि कोणीच ओ दिली नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण आता कोणाच्याच्यानं दुसऱ्यासाठी हजर म्हणवेना. दादानं एकदा पाहिलं, थोडा गोंधळला, पुढे गेला. हवालदार. शांतता. तो पुढे गेला. शेवटी तिचं नाव आलं आणि तिथं तो थांबला. तिच्यासाठी थांबायची त्याला सवय होती ना. डावा बूट थोडा पुढे करून तो उभा राहिला. मुलं त्या मुलीकडे बघायला लागली. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि ती जमिनीकडे बघत होती.

"कुठाय?" दादानं विचारलं.

मी पुढे झाले. म्हटलं, "दादा, ती गेली."

"कुठं गेली?"

"मेली रे. गाडीखाली आली. सकाळी तूच माती टाकलीस."

त्यानं टोपी काढली. मग लहान मुलासारखा रडला. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस दारात उभा राहून रडतोय आणि समोर रांगेत मुलं उभी आहेत. मला वाटलं, होऊ दे. खरं ते खरं. एकदाच काय ते दुःख होऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली, पुन्हा तिचं नाव पुकारलं आणि बूट पुढे करून उभा राहिला. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "कधी? मला कुनी सांगितलं न्हाई." आणि पुन्हा तसाच रडला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तेच. आत्यानं शिट्टी लपवून ठेवली, तर तो शर्टाचे खिसे, पँटचे खिसे, पिशवी, पुन्हा शर्टाचे खिसे असा चाचपत राहिला. शेवटी आत्यानंच ती त्याच्या हातात आणून दिली. रोज संध्याकाळी ती कुत्री माझ्या तोंडून मरत होती. मी आयुष्यभर खरं बोलायचा तोरा मिरवला. पण खरं असं रोज नव्यानं बोलावं लागतं, हे मला कुठं माहीत होतं. मला दादाचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, मग रात्रीची भाकरी थापताना मी रडायचे.

एका संध्याकाळी तो पुन्हा बूट पुढे करून उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता बाई सांगणार, हे मुलांनाही ठाऊक झालं होतं, आणि लहानग्यांनी आधीच तोंडं पाडली होती. पुन्हा ती मेली असं मला सांगवेना. हजर म्हणणं मला शक्यच नव्हतं. त्या शब्दानं काय केलं ते मी पाहिलं होतं. मग काय झालं मला कळलं नाही. मी पुढे गेले, गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसले आणि त्याच्या डाव्या बुटावर माझा हात ठेवला. जोर देऊन, तिचं वजन पडायचं तसा.

दादानं खाली पाहिलं नाही. तो कधीच पाहायचा नाही. त्याचे खांदे सैल झाले आणि त्यानं माझं नाव घेतलं. मी खालूनच हजर म्हटलं. हजेरी संपली.

तेव्हापासून मी रोज तसं बसते. हे खोटं आहे की नाही, याचा मी विचार करून पाहिला आणि सोडून दिला. माझे गुडघे झिजलेत, उठताना आत्याला हात द्यावा लागतो. ती म्हणते, "ताई, मी बसते ना एक दिवस." मी बसू देत नाही. मुलांना पहिल्यांदा हसू आलं होतं, आता येत नाही. आता हजेरीत कोणी कोणासाठी ओ देत नाही. मेलेल्यांची नावं येतात, थोडी शांतता होते आणि दादा पुढे जातो. ती मुलगी तर रांगेत शेजारच्या पोरीनं नुसतं तोंड उघडलं तरी तिला कोपर मारते.

परवा गारठा होता. मुलं लवकर रांगेत आली. दादानं सगळी नावं बिनचूक घेतली, मला बरं वाटलं, आज चांगला दिवस आहे. तिचं नाव आलं. मी खाली बसले, बुटावर हात ठेवला. त्यानं माझं नाव पुकारलं. माहेरचं, तिन्ही शब्द, तोच कडक आवाज.

"हजर," मी म्हटलं.

तो समोर रांगेकडे बघत होता. त्यानं पुन्हा पुकारलं. मी पुन्हा हजर म्हटलं, मोठ्यानं. मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत गेली, आत्यावरून, म्हाताऱ्यांवरून, मुलांवरून, आणि शेवटी खाली माझ्यावर आली. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखीचं काही दिसलं नाही. मग तो त्या मुलीकडे वळून, जरा संकोचून म्हणाला, "माजी बहीण आज आली न्हाई का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिनं खरोखर बघितलं, नीट, डोक्यापासून त्याच्या बुटावरच्या माझ्या हातापर्यंत. मग पुढे आली, माझ्या शेजारी खाली बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हजर हायत, आजोबा. मी बघितलंय."

"ठीक," दादा म्हणाला, आणि टोपी नीट करून माझी वाट बघत उभा राहिला.

मी हात काढला नाही.